वायरीला बांधलेला धागा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. संधी मिळाली नाही असं म्हणता येणार नाही. संधी येत राहिल्या आणि मी दर वेळी दुसरंच काहीतरी बोललो. आता मी बॉथेलला मुलीकडे राहतो. इथे दिवसभर पाऊस भुरभुरत असतो, दुपारीच अंधारून येतं, आणि मला कोणी काही काम सांगत नाही. तरीही मी लिहायला बसलो नसतो. नात गाडी शिकायला लागली म्हणून बसलो.

परवा ती तिच्या बापाबरोबर पहिल्यांदा हायवेवर गेली. हायवेवर चढायच्या रॅम्पवर, धावत्या गाड्यांत शिरताना घाबरली, मागच्या ट्रकने हॉर्न दिला, आणि घरी येऊन तिने किल्ली टेबलावर टाकली. "आय कान्ट मर्ज," म्हणाली. "आजीला पण येत नव्हतं ना? इट रन्स इन द फॅमिली."

माझी मुलगी हसली. "आई वॉज द वर्स्ट, अगं. शेवटी बाबांनी किल्ली काढून घेतली होती तिची. हो ना बाबा?"

मी "हं" म्हटलं आणि चहाचा कप उचलून माझ्या खोलीत आलो.

त्या "हं"साठी हे लिहितो आहे. माझ्या बायकोला गाडी येत नव्हती, हे आमच्या घरात इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोटं आहे आणि ते मी पसरवलेलं आहे.

तेव्हा आम्ही प्लेनोला राहत होतो. मुलगी कॉलेजला दूर गेली होती. मी इंजिनिअर, सकाळी जायचो तो संध्याकाळी यायचो. टेक्ससमध्ये गाडी न चालवणारा माणूस घरात कोंडल्यासारखाच असतो; दुधाच्या कॅनसाठीसुद्धा दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. तोवर सगळीकडे मीच तिला नेत होतो, त्यामुळे तिने शिकायचा प्रश्नच कधी निघाला नाही. मुलगी गेल्यावर मात्र तिने पन्नाशी उलटल्यावर एका शिकवणाऱ्या बाईंकडे गाडी शिकून घेतली. पहिल्या परीक्षेत नापास झाली. घरी येऊन म्हणाली, "पॅरलल पार्किंगला कडेचा प्लास्टिकचा कोन ठोकला." दुसऱ्या वेळी पास झाली आणि येताना स्वतः चालवत आली. आमच्या घराचं गॅरेज मागच्या गल्लीत होतं. तिथे गाडी उभी करून ती बराच वेळ नुसती आत बसून राहिली होती.

ती गाडी म्हणजे आमची जुनी मिनीव्हॅन. त्या गाडीतून ती बाळंतिणींकडे जायची.

हे जरा सांगायला हवं. त्या काळात आमच्या भागात पुण्या-नागपूरकडची कितीतरी तरुण जोडपी सॉफ्टवेअरच्या कामावर आलेली होती. पहिलं बाळ व्हायचं आणि नेमका मुलीच्या आईचा व्हिसा नाकारला जायचा. नवऱ्याला रजा नाही, घरात दुसरं बाईमाणूस नाही. अशा मुलींकडे माझी बायको जायची. बाळाला तेल लावून, पायावर घेऊन न्हाऊ घालायची, आईला डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर द्यायची, आणि तिला दोन घटका झोपू द्यायची. कोणी ओळखीतून ओळख काढून फोन करायचं, "मावशी, याल का?" आणि ही पिशवीत तेलाची बाटली टाकून निघायची. कधी फ्रिस्को, कधी आर्व्हिंग. भूगोलात कच्ची होती, पण त्या सगळ्या अपार्टमेंटांचे गेट नंबर तिला पाठ होते. संध्याकाळी मी आलो की तिच्या हातांना बदामाच्या तेलाचा वास यायचा.

"तू काय फुकटची सुईण झालीयेस का?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही नाही का, मंडळात सगळ्यांच्या गाड्यांची बॉनेटं उघडून बघता फुकट?" ती म्हणाली. "तशीच मी."

हे खरं होतं. आमच्या मराठी मंडळात गाडीतला जाणकार म्हणून माझं नाव होतं. टायर सोडले तर मी गाडी कधी दुकानात दिली नाही. ऑइल, ब्रेक, बेल्ट, सगळं घरच्या गॅरेजमध्ये. लोक पार्टीत ताट हातात घेऊन विचारायचे, "काका, गाडी चढावर दम टाकते हो," आणि मी कारण सांगायचो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मिनीव्हॅनचे स्पार्क प्लग आणि त्यांना वीज पोचवणाऱ्या इग्निशनच्या वायरी बदलायला झाल्या होत्या. मी सामान आणून ठेवलं होतं आणि सुटीचा दिवस बघत होतो. सुटी मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. माझी बायको त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजायची. विळी, कात्री, सुऱ्या, शिवणाचं मशीन, माझे पाने आणि सॉकेटचा डबा. पाटावर सगळं मांडून हळदकुंकू, फुलं. मी गॅरेजमध्ये डबा शोधतोय तर तो देवासमोर.

"अहो, आज उचलायचे नसतात ते," ती म्हणाली. "वर्षातून एक दिवस तर विसावा असतो त्यांना."

"त्यांना विसावा आहे, मला उद्या ऑफिस आहे."

"मग पुढच्या आठवड्यात करा. कुठे अडलंय?"

"तुझीच गाडी आहे. रस्त्यात बंद पडली म्हणजे फोन कोणाला करशील? देवाला?"

तिने पान्यांवरची फुलं एकेक करून काढून बाजूला ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. पान्याच्या दांड्यावर कुंकवाचा ठिपका होता, तो माझ्या बोटांना लागला.

काम तसं अवघड नाही. एकावेळी एकच वायर काढायची, तोच प्लग बदलायचा, नवी वायर बसवायची आणि मगच पुढच्याकडे वळायचं. सगळ्या वायरी एकदम उपटल्या की कुठली कुठे जाते याचा घोळ होतो. वायरीच्या टोकाला रबरी टोपी असते, ती प्लगवर दाबली की 'टक' असा आवाज येतो. तो आला म्हणजे बसली. पुढचे तीन प्लग समोरच होते, ते झटक्यात झाले. मागचे तीन इंजिनाच्या पलीकडे, काचेखालच्या पत्र्याला लागून. तिथे डोळ्यांनी काही दिसत नाही, हात घालून बोटांनीच बघावं लागतं. बायको शेजारी टॉर्च धरून उभी होती.

"इकडे धर. इकडे. कुठे बघतेस?"

"तुमच्या हातामागे धरतेय. तुमचा हात पारदर्शक नाहीये."

मागच्या वायरी एका प्लास्टिकच्या पट्टीत अडकवलेल्या असतात, म्हणजे त्या एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपापासून दूर राहतात. ती पट्टी उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने इतकी ठिसूळ झाली होती की माझ्या बोटांत तिचे तुकडे झाले. नवी पट्टी मी आणली नव्हती. दुकानात जायचं तर हात धुवा, कपडे बदला. मला कंटाळा आला. पूजेचं ताट अजून गॅरेजमध्येच होतं, कारण ती गाडीलाही हळदकुंकू लावणार होती. ताटात पूजेचा लाल-पिवळा सुती धागा होता. मी हातभर तोडला आणि ती मागची वायर वरच्या एका लोखंडी ब्रॅकेटला बांधून टाकली.

"अहो, देवाचा आहे तो धागा!"

"मग चांगलंच की. तूच म्हणतेस ना देव सांभाळतो? सांभाळू दे."

ती हसली. टॉर्च बंद केला. मी गाडी घराभोवतीच्या गल्ल्यांमधून फिरवून आणली. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. बॉनेटवर तिने कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मला पेढा दिला.

पुढचं सगळं त्या धाग्यामुळे झालं. सुती धागा इंजिनाच्या धगीला किती दिवस टिकेल हे मला कळायला हवं होतं. ते कळण्याचाच मी आयुष्यभर पगार घेतला.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. एका बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला ती डॉक्टरांकडे तपासणीला घेऊन चालली होती. सेव्हंटी-फाइव्ह नंबरच्या हायवेवर चढताना गाडी बंद पडत होती. मी चरफडतच निघालो. पोचलो तेव्हा मिनीव्हॅन कडेच्या पट्टीवर उभी होती, धोक्याचे दिवे लागलेले, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने हलत होती. मागच्या सीटवर ती मुलगी बाळाला छातीशी धरून बसली होती. बायको स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

"एकदम हिसके द्यायला लागली हो," ती म्हणाली. "मी पाय दाबतेय आणि ही पुढे जाईना. मागून ट्रक. तो दिवा डोळे मिचकावत होता."

"कुठला दिवा?"

"पिवळा. इंजिनाचं चित्र असतं तो."

मी तिला सरकवलं, बसलो, किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. दिवा नव्हता.

"कुठे आहे? दाखव."

"आत्ता नाहीये. मघाशी होता."

"दिवे डोळे मिचकावत नसतात. तू घाबरलीस आणि पाय उचललास. गाडी मंदावली. बाकी काही झालेलं नाही."

मागून ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, खरंच हिसके देत होती. मलाही जाणवलं."

"तुला गाडीतलं काय कळतं गं? तू बाळाकडे बघ." मग, का कोण जाणे, मी आणखी एक वाक्य बोललो. "हिला रॅम्प जमतच नाही. दर वेळचं आहे. मी सांगतो, हायवेला जाऊ नकोस, पण ऐकेल तर शपथ."

दर वेळचं नव्हतं. त्याआधी एकदाही असं झालं नव्हतं. आणि मी तिला हायवेला जाऊ नको असं कधी सांगितलंही नव्हतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. परक्या मुलीसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिच्या अंगातच होतं. माझी गाडी तिथेच सोडून मी मिनीव्हॅन हायवेलगतच्या सर्व्हिस रोडवरून हळूहळू चालवत त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हळू चालवल्यावर गाडीने एकही हिसका दिला नाही. माझी मला खात्रीच पटली.

आज मी हेही लिहून ठेवतो. इंजिन दम तोडत असताना, मागे ट्रक असताना, त्या बाईने धोक्याचे दिवे लावले, आरशात बघितलं आणि गाडी सरळ कडेला आणून उभी केली. कुणाला ओरखडा उठला नाही. मला याहून बरं जमलं नसतं.

घरी आल्यावर तिने किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी मागितली नव्हती. मुलगी म्हणते तशी काढूनही घेतली नव्हती. "घ्या," ती म्हणाली. "कुणाच्या लेकराला काही झालं असतं म्हणजे?" मी किल्ली घेतली. "बघू, थोडे दिवस जाऊ देत," असं काहीतरी म्हणालो, मोठ्या मनाने.

त्या मुलीच्या नवऱ्याचा तिला फोन आला. फार सभ्य मुलगा. "मावशी, तुम्ही आता दगदग करू नका. आम्हीच येऊ घ्यायला कधीतरी." ते आले नाहीत. मंडळात बातम्या फिरायला वेळ लागत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात एकाने मला विचारलं, "काय काका, काकूंनी हायवेवर पार्किंग केलं म्हणे?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर थंडी पडली. एका पावसाळी सकाळी माझी गाडी टायरसाठी सोडलेली होती म्हणून मी मिनीव्हॅन घेऊन निघालो. सेव्हंटी-फाइव्हच्या रॅम्पवर पाय दाबला आणि गाडीने हिसका दिला. मग आणखी एक. पाय दाबतोय आणि गाडी पुढे जाईना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गेला, लागला, गेला. डोळे मिचकावत होता. याहून नेमकं वर्णन मलाही करता आलं नसतं.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी बॉनेट उघडलं. मागच्या बाजूला वाकून पाहिलं. ब्रॅकेटला धाग्याची गाठ होती, खालचं टोक जळून काळं झालेलं. वायर सुटून एक्झॉस्टच्या पाइपावर पडली होती. रबर वितळून तिला भोक पडलं होतं, आणि जोर लावला की प्लगकडे जायची ठिणगी तिथूनच पाइपावर उडी मारत होती. हळू चालवताना ठिणगी नीट प्लगपर्यंत जात होती. म्हणून मला काही दिसलं नव्हतं.

दुपारच्या सुटीत मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, वायर आणि पट्टी घेतली आणि त्यांच्याच पार्किंगमध्ये पावसात बसवली. जळकी वायर तिथल्याच कचऱ्याच्या पिंपात टाकली. गाठ सोडवायला गेलो तर धागा हातात भुगा झाला.

संध्याकाळी घरी आलो तो सांगायचं असंच ठरवून. ती फोनवर बोलत होती. नवीन कोणीतरी बाळंतीण असावी. "नाही गं बाळा, मी आता गाडी नाही चालवत," ती सांगत होती. "नाही, काही झालं नाही तसं. मला जमत नाही, एवढंच. तुला लाडू पाठवते मी कोणाबरोबर तरी." आवाज अगदी हलका होता, एखादा पदार्थ आपल्याला येत नाही असं सांगावं तसा. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "भिजलात की. उशीर का झाला?"

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

का सांगितलं नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा स्वतःला दिलं आहे आणि त्यातलं बरंचसं बनावट होतं. तिचं मन पुन्हा कशाला ढवळा, आता तिनेच सोडलंय, वगैरे. खरं असं की मंडळातला गाडीतला जाणकार पूजेच्या धाग्याने वायर बांधतो हे लोकांना कळलं असतं. त्याहून खरं असं की ती घरी असायची ते मला आवडायला लागलं होतं. दार उघडलं की दिवे लागलेले असत, पोळ्या गरम असत. त्या सोयीची किंमत ती भरत होती, आणि हे मला दिसत होतं.

तेलाची बाटली ओट्याखालच्या कपाटात मागे मागे सरकत गेली. फोन कमी झाले. कोणाकडे बारसं असलं की मी तिला नेऊन सोडायचो आणि घड्याळ बघत बाहेर थांबायचो. काही वर्षांनी तिच्या लायसन्सची मुदत संपली तेव्हा तिने नुसतं ओळखपत्र करून घेतलं. लायसन्स ऑफिसच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "नो ड्रायव्हिंग?" ही म्हणाली, "नो, नो," आणि माझ्याकडे बघून हसली.

पुढच्या दसऱ्याला तिने नेहमीसारखं गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग बोट पुसत विचारलं, "तो धागा टिकला का हो?"

मी म्हटलं, "टिकला की."

"बरं," ती म्हणाली.

तिला माहीत होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. पुढे दर दसऱ्याला ती गाडी पुजत राहिली, आणि धाग्याचं पुन्हा कधी विचारलं नाही. माझा पान्यांचा डबा मात्र त्यानंतर तिने कधी पाटावर मांडला नाही. मीही कारण विचारलं नाही.

तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी तिला तपासण्यांसाठी सारखं डॅलसला न्यावं लागे. गाडी दुसरी होती, वाट तीच. सेव्हंटी-फाइव्हचा तो रॅम्प आला की तिचा हात दारावरच्या दांडीकडे जायचा आणि ती डोळे मिटायची. इतक्या वर्षांनंतरही. एके सकाळी मला ते बघवेना. मी म्हणालो, "अगं, ऐक ना. त्या वेळी इथे..."

तिने डोळे उघडले नाहीत. "पुढे बघा तुम्ही," ती म्हणाली. "मागून ट्रक येत असेल."

मी पुढे बघितलं. हायवेवर चढलो, मधली लेन धरली. मग तिला झोप लागली, आणि झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं, म्हणून मी गप्प बसलो. नंतरच्या खेपांनाही मी काही बोललो नाही. मग खेपाच संपल्या.

उद्या नातीला हे सगळं तिला समजेल अशा भाषेत सांगणार आहे, तिच्या आईसमोर. पण जिला सांगायचं होतं तिच्यासाठीचं वाक्य अजून माझ्याजवळच पडून आहे. ते त्या सकाळी रॅम्पवर अर्धं बोललो होतो. पूर्ण असं होतं: अगं, त्या वेळी इथे तुझं काही चुकलं नव्हतं. दिवा खरंच मिचकावत होता. वायर मी बांधली होती, ती सुटली. तू गाडी चांगली चालवत होतीस. मला माफ कर.